पाहा: झिराडकर

मी, मर्सी यशवंत ओहोळ, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर (सरकारी नाव कागदापुरते; माझ्या तोंडी नगरच राहणार), हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे, तसा डॉ. आदिनाथ बोरुडे यांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय तेवढे शाबूत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला त्याचे ऑपरेशन ठरले आहे, म्हणून ही घाई. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर चर्चला दिले होते, ते भावावरच्या रागात. भाऊ गेला, रागही गेला.

कलम १. भिंगारमधले माझे राहते घर, मागच्या अंगणासह, माझी भाची दिशा हिला मिळावे. बँकेत जे उरेल तेही तिचेच. अंगणातले सीताफळ तोडू नये. ते माझ्या वडिलांनी लावले आहे.

कलम २. शिलाई मशीन रतनबाईला द्यावे. ती माझ्याकडे स्वयंपाक करते आणि दुपारी त्याच मशीनवर आपल्या मुलींचे कपडे शिवते. मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मशीन न्हाई न्यायचं मी. आदी बऱ्या हून या. मरायच्या गोष्टी लई आवडत्यात तुमास्नी." ती नको म्हणेल. ते ऐकू नये.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ भाचा हर्षल याला. लहानपणी त्याने ते उघडून पाहिले, तेव्हापासून ते पुढे धावते. हर्षल नाताळला फोन करतो, येत मात्र नाही. घड्याळ त्याने स्वतः येऊन न्यावे. कुरिअरने पाठवू नये.

कलम ४. माझी पुस्तके आणि कपाट अफ्रीन हिला. अफ्रीन नगरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि आमच्या जिल्हा व्यक्तिकोशाच्या मंडळावर आहे. मंडळात आम्ही तिघेच: ती, मी आणि श्रीगोंद्याचे निवृत्त मुख्याध्यापक काकासाहेब दरेकर. जिल्ह्यात होऊन गेलेल्या माणसांच्या नोंदी आम्ही कोशात घेतो, आणि कोणाची घ्यायची ते मतांनी ठरवतो. जिवंत माणसाची नोंद घेत नाही. काकासाहेब म्हणतात, जिवंत माणूस चहा पाजून चार ओळी वाढवून घेतो.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. वकिलांनी ते गाळायला सांगितले होते. मी ठेवते आहे.

प्राध्यापक हनोख झिराडकर हे मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. नगरला तत्त्वज्ञान शिकवायला आले आणि इथेच राहिले. यहुदी तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय. शेकडो वर्षांपूर्वीचे हिब्रू आणि अरबी ग्रंथ ते मुळातून वाचत आणि आम्हाला मराठीत उलगडून सांगत. दर बुधवारी संध्याकाळी, त्यांच्या घरी, सतरंजीवर बसून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी देवाविषयीची उत्तरे माझ्याकडून पाठ करून घेतली होती. पहिल्याच बुधवारी मी ती सरांना म्हणून दाखवली: देव दयाळू आहे, देव सर्वज्ञ आहे, वगैरे.

सर हसले. "छान पाठ आहे, मर्सी. आता देव कसा नाही ते सांग. सांगून संपलं की मग पुढचं शिकू."

त्यांच्या जुन्या तत्त्वज्ञांचे म्हणणे असे होते, की देवाबद्दल 'नाही' एवढेच खरेपणाने बोलता येते. आपला प्रत्येक 'आहे' त्याला आपल्याएवढा लहान करतो. तेव्हा मी कॉलेजात होते. अजून माझे सांगून संपलेले नाही.

या विषयावर सरांनी आयुष्यभर एक मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. एकेक प्रकरण ते पुन्हा पुन्हा लिहून काढत, त्यामुळे छापायचे राहून गेले. देवाचे नाव असलेला कागद जाळायचा नाही, रद्दीत द्यायचा नाही, जीर्ण झाला की पुरायचा, अशी त्यांच्या लोकांची रीत आहे. सर गेले तेव्हा इस्राएलहून त्यांचा पुतण्या आला. त्याला मराठी वाचता येत नव्हते. पानापानाच्या कडेला हिब्रूत लिहिलेले ते नाव मात्र त्याने ओळखले. जुने कच्चे कागद कोणते आणि छापायची प्रत कोणती, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? त्याने सगळीच बासने सरांसोबत पुण्याच्या दफनभूमीत पुरली. त्या बासनांत काय आहे ते माझ्या लक्षात आले, तेव्हा माती पडत होती. मीही मूठभर माती टाकली. त्याने केले ते आदरानेच केले.

या उन्हाळ्यात, मंडळाच्या बैठकीत, अफ्रीनने सरांचे नाव मांडले. बैठक माझ्याच घरी होती.

"पुस्तक?" काकासाहेबांनी विचारले.

"नाही."

"पुरस्कार? गौरवग्रंथ? कुणी यांच्यावर काही लिहिलंय?"

"नाही, सर," अफ्रीन म्हणाली. "पण त्यांच्या समाजाच्या मासिकात लेख आहेत. आणि परदेशातल्या एका प्रबंधात त्या लेखांची तळटीप आहे."

"तळटीप! अन् ते हस्तलिखित कुठंय?"

"पुरलं."

"म्हणजे पुरावा जमिनीत आहे असं छापू मी? उद्या लोक कुदळ घेऊन जातील तिथं."

मला राहवले नाही. "काकासाहेब, कोशातल्या तुमच्या भिमाजी पैलवानानं कोणतं पुस्तक लिहिलं होतं?"

"बाई, भिमाजीची कुस्ती अख्ख्या श्रीगोंद्यानं बघितलीय. तुमच्या सरांनी कुणाला चितपट केलं?"

"मला," मी म्हणाले.

अफ्रीनने मान खाली घातली. काकासाहेबांनी चष्मा पुसला, आणि मत दिले ते विरुद्धच. अफ्रीनचे मत बाजूने पडले. राहिले माझे. पण आपल्या गुरूबद्दल कोणी मत द्यायचे नाही, असा मंडळाचा नियम आहे आणि तो योग्य आहे. मी मत दिले नाही. नोंद अडली, ती अजून अडलेलीच आहे. सर मोठे होते हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते आता थोडे उरले, आणि त्यातली एक पुढच्या महिन्यात पुण्याला चालली आहे. काकासाहेबांवर माझा राग नाही. पावसाळा संपेपर्यंत होता.

कलम ६. त्याच बैठकीत, चहा घेताना, काकासाहेब म्हणाले, "तुमची नोंद मात्र पक्की बरं का, बाई. मंडळ उभं केलं तुम्ही. फक्त एक अट राहिलीय."

"तीही करते पूर्ण," मी म्हणाले. आम्ही तिघेही हसलो.

माझी ती नोंद, होईल तेव्हा, ही माझी एकच चीज आहे जिच्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही. तिची व्यवस्था अशी. कोशातल्या प्रत्येक नोंदीत गुरूचे नाव असते. माझ्या नोंदीत त्या जागी 'पाहा: झिराडकर, हनोख' एवढे छापावे. माझ्याबद्दल बाकी काय लिहायचे ते मंडळाने ठरवावे. काही न लिहिले तरी चालेल.

'पाहा' म्हणून ज्याच्याकडे वाचकाला पाठवले, त्याची नोंद कोशात असलीच पाहिजे, असा आमचा नियम आहे. तो काकासाहेबांनी केला. पहिल्या आवृत्तीत आमच्याकडून एकाची नोंद राहून गेली होती आणि 'पाहा' तेवढे छापले गेले. तेव्हा जामखेडचे एक गृहस्थ एसटीने श्रीगोंद्याला आले आणि आमचे आजोबा कुठे आहेत म्हणून काकासाहेबांच्या ओट्यावर जेवणवेळेपर्यंत बसून राहिले. "वाचकाला कुलूप लावलेल्या घरी पाठवायचं नाही," असे तेव्हा काकासाहेब म्हणाले होते. पुढे याच नियमाने भिमाजी पैलवानाच्या नोंदीतून त्याचे वस्ताद लालमहंमद कोशात आले. त्यांच्यावरही कोणी काही लिहिलेले नव्हते.

सरांबद्दल मत देण्याचा अधिकार मला नाही. माझे गुरू कोण, हे सांगण्याचा आहे.

कलम ७. मला आमच्या दफनभूमीत आईशेजारी ठेवावे. फुले आणू नयेत. सरांच्या लोकांत कबरीवर खडा ठेवतात. मीही दर वर्षी भिंगारहून एक खडा पुण्याला नेत आले. कोणाला वाटलेच तर माझ्यासाठीही तसाच ठेवावा. सरांचा यापुढे अफ्रीनने न्यावा.

या मृत्युपत्राची व्यवस्था दिशाने पाहावी. काकासाहेबांना मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला दिलेले कायद्यात टिकत नाही, आणि मला त्यांचीच साक्ष हवी होती.

लिहिलेले सगळे मी पुन्हा वाचले. मनात होते तेच उतरले आहे. म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

मर्सी यशवंत ओहोळ
भिंगार, गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. डॉ. आदिनाथ बोरुडे, भिंगार

२. काकासाहेब दरेकर, श्रीगोंदा

(साक्षीदार क्र. २ यांच्या हस्ताक्षरात:) बाईंनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते; मी वाचला. नियम माझाच आहे आणि बाईंनी तो बरोबर लावला आहे. मात्र बाईंची नोंद होईपर्यंत थांबणे मला मान्य नाही. झिराडकरांची नोंद आताच घ्यावी. शिष्याने लिहू नये, म्हणून ती मी लिहितो. बुधवारी संध्याकाळी येतो. सर कसे नव्हते, तिथून बाईंनी सांगायला सुरुवात करावी.