उंबऱ्यावरची कुमक

सोमवार, ता. ४
देवाच्या कृपेने सुखरूप पोचले. मुलाने आणि सुनेने माझी खोली लावून ठेवली होती, देवांना कोनाडाही केला. घर ऐसपैस. दिवे मात्र भर दुपारी जळतात. आल्या आल्या मालवले. सून म्हणाली, आई, आता चाचपडत जेवायचं का? जीभ आहे पोरीला. गावभर मी सांगत होते, मुलगा मोठा इंजिनिअर आहे. हा तर खेळ रचतो. एकदा आपण चालायचं, एकदा शत्रूने. दोन पदव्या घेऊन सोंगट्या हलवायच्या. असो. जुनी रिफिल अजून चालते आहे, तीच पुरवायची.

मंगळवार, ता. ५
टेबलावर कागदी पट, त्यावर ह्याच घराचा नकाशा. दुसरं घर मोजायला कोण जाणार, म्हणतो. सोंगट्या म्हणून माझ्या डब्यातली बटणं घेतली. कंपनीत ह्याच्याकडे शत्रूची कुमक आणायचं काम. दर तिसऱ्या डावाला एखाद्या उंबऱ्यावर नवा शिपाई उगवतो आणि आल्या आल्या जवळच्याला मारतो. कुठून आला? तर आला. कोणी जन्म दिला, कोणी जेवू घातलं, ते नाही. आपल्याला मीठसुद्धा फुकट मिळत नाही.

आपली सोंगटी उंबऱ्यावर ठेवली की कुमक अडते. सून तसंच करून जिंकत होती. मी म्हटलं, ही कसली मर्दुमकी? उंबऱ्यावर उभं राहू नये हे हिला कोणी शिकवलं नाही वाटतं. अडवणाऱ्यालाच उचला आणि येणारा त्याच्या जागी ठेवा, त्याच रंगाचा. कळायचंही नाही कोणाला. मुलगा म्हणाला, आई, तुला नोकरीला घेतो. मी विचारलं, मॅट्रिक चालेल का?

गुरुवार, ता. ७
माझा नियम ह्याच्या साहेबांना फार आवडला म्हणे. कसले साहेब.

सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून फोनवर हसत होती. म्हटलं, आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा. हसणं अर्ध्यात थांबलं. आत आली ती ओट्यापाशी उभी राहिली. दूध उतू गेलं, बघत राहिली. मी गॅस बंद केला तेव्हा म्हणाली, माझी खेळी झाली, आता तुमची.

थट्टेला काही वेळकाळ असतो.

शनिवार, ता. ९
सून एक काम करते आणि थांबते. मी काही केलं की मग तिचं पुढचं. आज मुद्दाम सगळे दिवे मालवले. अंधारात जेवली. टोमणा नाही. आई म्हणणंही नाही.

मुलगा म्हणतो, दमली असेल. बायको ओळखू येत नाही आणि म्हणे शिपाई घडवतो.

पट पुसायला घेतला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरचं बटण माझ्या डब्यातलं नाही. रंग तोच. पण भोकं नाहीत.

रविवार, ता. १०
मुलाला बटण दाखवलं. त्याने नियम खोडला. सून बाहेरून म्हणाली, चालू खेळात नियम बदलत नाही.

आता आम्ही दोघं त्याच्या खोलीत आणि ती दारासमोर उभी आहे — शत्रूच्या अंगावरून जाता येत नाही, हाही त्याचाच नियम. शहाणा.

सोमवार
तिसरा डाव. पाळी ह्याच खोलीच्या उंबऱ्याची. मोकळा ठेवला तर येणारा आधी मुलाला —

म्हणून मी उंबऱ्यावर बसले आहे. येणारा माझ्या जागी येईल. तेवढ्यात मुलगा खिडकीतून निसटेल. जाळीचे स्क्रू काढतोय. ह्याला कुमक आणता येते, पेचकस धरता येत नाही.

माझी खेळी संपेपर्यंत शत्रूला हलता येत नाही. लिहिणं हीच माझी खेळी. थांबायचं नाही. काहीही लिहायचं — रामराम रामराम —

एक स्क्रू राहिला म्हणतो. रडतोय. रडू नको, हात चालव.

अक्षर फिकं — झटकून पाहिली — देवा, नवी एक रिफिल घेतली असती तर काय बि