केतकीचं लग्न आणि तुझा चष्मा

ढाणकी, १७ डिसेंबर २०१७

चिरंजीव भीमराज यास थोरल्या बहिणीचा, प्रभावतीचा, सप्रेम जय भीम.

पत्र नंतर वाच. आधी सोबतच्या डबीतला चष्मा काढ, पूस आणि नाकावर ठेव. तो तुझाच आहे. संविधान दिनाला इथल्या शाळेत भाषण द्यायले आलतास, पाऊण तास बोललास, सगळी कलमं तोंडपाठ सांगितलीस आणि निघताना चष्मा माझ्या कोनाड्यात विसरलास. तीन आठवडे झाले. घरातल्या गाद्या उलट्या करून झाल्या असतील, भावजयीवर आळही घेऊन झाला असेल. म्हणजे तीन आठवडे तूही माझ्यासारखा निरक्षर होतास. कसं वाटलं?

तुझं बीपी ताब्यात असेल, भावजयीचा गुडघा बरा असेल असं समजते. इकडे मी ठीक, बकरी ठीक, कापूस मात्र ठीक नाही. बोंड बाहेरून टणक दिसते आणि उघडलं की आत गुलाबी अळी ऐसपैस बसलेली, जावई दिवाळसणाले आल्यासारखी. फोन न करता पत्र काहून, असं तू विचारशील. तुले ऐकू कमी येते, तू फोनवर ओरडून बोलतोस, आणि ही गोष्ट तुझ्या गल्लीत पसरलेली मले चालणार नाही. शिवाय इकडे आमच्या घरचा फोन नात मोनाली उचलते आणि हे नेमकं तिच्यापासूनच लपवायचं आहे. म्हणून हे पत्र अंगणवाडीची साधना लिहून राह्यली. (ती म्हणते, कागदावर ‘मला’ लिहायचं असते. मी म्हटलं, बाई, पत्र माझं आहे, ‘मले’च लिही.)

तर ऐक. रात्री आठची ती मालिका तू पाहत नाहीस असं सांगतोस (सांगत राहा). त्यातल्या केतकीचं लग्न बंगल्यातल्या शौनकशी झालं. तो तिच्यावर सोमवारी संशय घेतो आणि शनिवारी फुलं आणतो. हे आपल्या मोनालीले पटेना. कॉलेज सांभाळून पोरगी फोनवर आपली वेगळीच केतकी लिहायले लागली. माणसं मालिकेतलीच, पण त्यांचं पुढे काय होते ते हिच्या मनानं. वावर त्यांचं, बियाणं आमचं. मालिकेत दिगंबर नावाचा एक माणूस बंगल्यातली पाण्याची मोटार दुरुस्त करून दोन मिनिटांत जातो. आमच्या मोनालीनं त्याले दहा भाग दिले. कुठल्या कुठल्या गावच्या पोरी ते वाचतात, खाली आपलं मत लिहितात, आणि त्यांच्यात दोन पक्ष पडले आहेत. केतकी शौनकची म्हणणाऱ्या त्या ‘शौतकी’, दिगंबरची म्हणणाऱ्या त्या ‘दिगतकी’. मले आधी ही बियाण्याच्या पिशव्यांवरची नावं वाटली.

कॉलेजले सुट्टी असली की मोनाली आमच्यासोबत किसनरावांच्या वावरात वेचणीले येते. दुपारी भाकरी झाली की बाभळीखाली नवा भाग वाचते आणि आम्ही चौदा बाया ऐकतो. मग मत टाकायचं. बायांनी ओट्या मोकळ्या करायच्या आणि अळीनं खाल्लेल्या कापसाची कवडी ज्याले पाडायचं त्याच्या ढिगात टाकायची. एरवी अशी कवडी शोधावी लागली असती. यंदा मतदान भरघोस झालं. शौनकचा ढीग पहिल्याच दिवशी गुडघ्याएवढा. फक्त मानीबाई शौनकच्या बाजूनं, कारण तिच्या मते मोटार दुरुस्त करणारा माणूस वेळेवर घरी येत नाही. (तिचा नवरा फुलसिंग मोटारीच दुरुस्त करतो, म्हणून तिचं मत आम्ही जाणकाराचं धरतो.) किसनरावही बांधावर अळी पाहायले येतात आणि वाचन संपेपर्यंत एकच झाड तपासतात.

आता माझा गुन्हा. मोनालीच्या फोनवर एक चित्र आहे, ते दाबून बोललं की फोन आपलं आपण लिहितो. साठ वर्षं मी लिहिणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं रे, आणि इथं वस्तू माझं ऐकत होती. पोरगी अंघोळीले गेलती. मी ते दाबून शौनकविषयी मनातलं सगळं सांगितलं, की हा मेंगळट आहे, याले आईनं पदराखाली वाढवला, आणि याच्याशी संसार करण्यापेक्षा केतकीनं बकरी पाळावी. मले वाटलं, मत आपलं मोकळं सुटून गेलं, वाऱ्यावर बोलल्यासारखं. पण फोन मोनालीचा, म्हणून नावही मोनालीचंच लागलं. लेखिकाच आपल्या नायकाले शिव्या घालून राह्यली असं सगळ्यांनी वाचलं. शौतकी पक्ष तुटून पडला. एकीनं तर हिले लिहिणं सोडून बकऱ्या वळायले सांगितलं (बकरीची कल्पना माझीच, हे मी कोणाले बोलू?). मोनाली रडली, जेवली नाही आणि म्हणाली, आजी, मी आता लिहीत नाही.

मी कबूल केलं. ती हसलीही, पण लिहिना. तेव्हा तिच्या वाचणाऱ्यांतला एक जण पुढे आला. नाव ‘बाभूळकाटा’. हा ना शौनकच्या पक्षात, ना दिगंबरच्या. प्रत्येक भागाखाली हा एकच लिहायचा, की केतकीनं आधी आपलं शिक्षण पुरं करावं, मग या दोघांची परीक्षा घ्यावी. दोन्ही पक्षांनी त्याले हाकलून पाहिलं, तो ढिम्म. त्या दिवशी त्यानं लिहिलं ते मोनालीनं मले तीनदा वाचून दाखवलं: “पोरी, तू लिही. आमच्या घरात एकीच्या हाती पाटी द्यायची राहून गेली. तू खाली ठेवू नको.”

भीमराज, मले अक्षर येत नाही, पण कान आहेत. अख्ख्या जगात माझ्या शिक्षणासाठी एकच माणूस भांडला होता आणि तो दहा वर्षांचा होता. बाबा माझं लग्न ठरवत होते, तेव्हा तू चुलीसमोर मांडी घालून बसलास की प्रभाताईले शाळेत घाला, नाही तर मी जेवत नाही. दिवेलागणीपर्यंत टिकलास. मग आईनं मुगवड्यांचा रस्सा केला आणि तुझं आंदोलन ताटावर येऊन मिटलं. मी तेव्हा हसले होते. आभार मानायचे राहिले. ते आज मानते. पोरीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायले घेतलं, तेव्हा मले वाटलं, माझी पाटी पन्नास वर्षांनी घरी आली.

आणि तू राहतोस बाभुळगावात, नाव घेतोस बाभूळकाटा. लपायची अक्कल तुले लहानपणीही नव्हती.

असो. सर्वांना जय भीम, भावजयीले विशेष.

ता. क. १ – खरं काम आता सांगते. बाभूळकाटा तीन आठवडे गप्प आहे. मोनाली म्हणते, तोही रागावला. म्हणून एकतिसाव्या भागात केतकी बस स्टँडवर दोघांच्या मधे उभी आहे ती उभीच. पुढचा भाग नाही. तो रागावला नसून त्याचा चष्मा माझ्या कोनाड्यात आहे, हे मी तिले कोणत्या तोंडानं सांगू? तिले वाटते, कोणी अनोळखी माणूस आपलं लिहिणं वाचतो. घरचं माणूस कौतुक करते त्याले ती मोजत नाही. तेव्हा आजच लिही, आणि आपण कोण ते मरेपर्यंत सांगू नको. साधनाच्या तोंडाची हमी मी घेते. घाई कर. पंधरा दिवसांत किसनराव कापसाची पऱ्हाटी उपटणार, मग चौदा बाया चौदा दिशांना. शेवट ऐकल्याशिवाय मी कोणाले जाऊ देणार नाही.

ता. क. २ – केतकीले दिगंबरच मिळाला पाहिजे, असंही जाता जाता लिहिलंस तर बरं. (साधना म्हणते, लिहू नका. ती छुपी शौतकी निघाली.) बरं, राहू दे. तू आपलं तेच लिही. शिकू दे तिले आधी.

ता. क. ३ – हे पाकीट मानीबाईच्या फुलसिंगाच्या हाती देते, तो यवतमाळले लेकीकडे चालला, तिथून पुढे बाभुळगावले येईल. मंगळवारी परत येईल, त्याच्यासोबत भावजयीनं केलेल्या मुगवड्या पाठव. घरात आहेत तितक्या सगळ्या पाठव, डब्याच्या तळाशीही ठेवू नको. या वेळेस तू मधेच उठून जेवायले बसलेलं मले चालणार नाही.