हिरडीखालचा बोळा

३ जून
नवं गाव, नवी नोकरी आणि दातांच्या दवाखान्याच्या माडीवरच खोली. उशिरा उठायची आयतीच सोय झाली. मोठे डॉक्टर बोलायला कमी, पण हात सोन्याचा. शेजारच्या गाळ्यात शिंपीकाका आणि काकी असतात. माझा ढगळ पांढरा कोट काकांनी आल्या दिवशीच आवळून दिला. म्हणाले, पोरी, डॉक्टर कमी आणि पोतं जास्त दिसतेस. इथे माझं छान जमणार.

९ जून
आज काकाच खुर्चीत. उजवीकडची अक्कलदाढ अर्धीच वर आलेली, तिच्यावर हिरडीचं झाकण, त्याखाली अन्न अडकून सूज आणि पू. पन्नाशीला अक्कल येतेय, आली हेच नशीब, असं काकी म्हणाल्या. मी पिचकारीनं झाकणाखाली धुतलं, लवंगतेलात भिजवलेला कापसाचा बारीक बोळा सरकवला, गोळ्या दिल्या, कोमट मिठाच्या गुळण्या सांगितल्या. सूज उतरेपर्यंत दाढेला हात लावायचा नाही आणि बोळा दुसऱ्या दिवशी काढायचाच, ही मोठ्या डॉक्टरांची शिस्त. परगावी जाताना तेवढंच बजावून गेलेत.

१० जून
काका आले तेव्हा मैत्रिणीचा फोन चालू होता. दारातूनच आ करायला लावलं, छान आहे म्हटलं. खूश होऊन गेले. बोळा आतच राहिला. उद्या काढीन.

१३ जून
राहूनच गेला. आज काकांचा गाल टम्म, अंगात ताप, तोंड जेमतेम बोटभर उघडतं, थुंकीही गिळवत नाही. अशा वेळी तडक मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं असतं, हे मला पाठ आहे. पण तिथे बोळा सापडला असता. मी गोळ्या बदलल्या. काकींना सांगितलं, काळजीचं कारण नाही. माझी जीभ जराही अडखळली नाही.

१४ जून
काका गेले. सूज गळ्यात उतरली, श्वास कोंडला. काकी माझ्याच गळ्यात पडल्या. म्हणाल्या, तू तुझ्याकडून खूप केलंस गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गप्प राहिले.

१७ जून
उजवीकडे मागची हिरडी ठणकतेय. तिथली अक्कलदाढ मी कॉलेजात असतानाच काढलीय. आरशात पाहिलं. हिरडीवर झाकण आलंय. खालून लवंगेचा वास.

१८ जून
चिमट्यात कापूस आला. ओढला. येतच राहिला — ओला, पिवळट — वाटी भरली. त्यात शिलाईचा दोरा.

१९ जून
तोंडात बोट जात नाही. काकींना खरं सांगायला गेले. शब्दच फुटेना. त्यांना वाटलं, दुःखानं. माझी पाठ थोपटली त्यांनी. माझी —

२० जून
काकी आल्यात. त्यांचाही गाल सुजलाय. तीच बाजू. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही म्हणतात. खुर्चीत बसल्या, आ करून. मी नको नको अशी मान हलवली — घाबरू नकोस म्हणाल्या, मलाच. डावा हात बोळा भिजवतोय. मी नाही, हात — उजव्यानं लिहितेय, हे त्यांना दाखवीन —
काकी, उठा. हॉस्पिटलात जा. काकांच्या दाढेखाली मी