ऐंशीची पाटी

लाडक्या आईस बेलफास्टहून नोरीनची खूप आठवण.

मी बरी आहे. तुझ्या जावयाच्या, ॲलिस्टरच्या हाताचं प्लास्टर निघालं, थोडं जेवतोही.

त्या दिवशी तुमच्याकडे येताना आयर्लंडची सरहद्द ओलांडल्यावर त्याला वेगमर्यादेची ऐंशीची पाटी दिसली. त्यानं आपल्या मैलांच्या काट्यावर ऐंशीच ठेवले. नंतर पोलीस म्हणाला, "अहो, इथं किलोमीटर चालतात! तुमचे ऐंशी मैल म्हणजे जवळजवळ एकशेतीस!" तोवर आमच्या गाडीखाली आलेल्या सायकलवाल्या म्हाताऱ्याचा जीव गेला होता.

"मी पाटीप्रमाणंच चालवत होतो ना गं?" ॲलिस्टर अजून विचारतो. मी हो म्हणते.

बाबांचा खोकला कसा आहे? नाताळला आम्ही बसनं येऊ. गाडीचा विषय कुणी काढू नका. त्या म्हाताऱ्याची बायको आता कुणाजवळ राहते, ते कळलं तर फक्त मला कळव.

तुझीच,
नोरीन