यंदा इन्कम टॅक्सला दाखवतोच

१ मे १९५४. कल्याण.
पेपरात जाहीर नोटीस. ३० जूनच्या आत रिटर्न भरा. परशुरामने (माझा मेहुणा, बायकोचा, सुमेधाचा भाऊ) मुद्दाम ठाण्याहून येऊन वाचून दाखवली. वकील आहे, त्यामुळे मोठ्याने वाचतो. वर म्हणाला, "हरिहरराव, आगाऊ कराच्या तारखाही विसरू नका. पंधरा जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च." मला हुकूम! पेपर टराटरा फाडला. निश्चय: यंदा सगळं वेळेवर आणि शांतपणे. मी मुळात शांतच.

१५ जून.
पहिला हप्ता. निघणार तेवढ्यात वखारीत दौलतने सागाची फळी माझ्या पायावर सोडली. मुद्दामच. एक थोबाडीत दिली. हलकीशी. दात आधीच हलत असणार. तर गडी रुसून टिटवाळ्याला, आपल्या गावी. बाकीचे हमालही त्याच्या मागे. बरं झालं, शिस्त लागेल.
हप्ता उद्या.

३० जून. ठाणे.
रिटर्नची रांग. पुढच्याने धक्का दिला, मी छत्री हाणली. छत्री गेली. त्याचा ओठ फुटला. माझाही, किंचित. शिपायाने दोघांना बाहेर काढलं. शेवटी परशुराम आत जाऊन माझा फॉर्म देऊन आला. हप्ताही त्यानेच भरला होता म्हणे. उपकार दाखवायची सवय!

२ ऑगस्ट.
माजिवड्याचे ठेकेदार विठ्ठलशेठ, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, माल का येत नाही विचारायला आले. म्हणे, "तुमची माणसं कुठायत?" खवचट प्रश्न. पहारीने त्यांच्या मोटारीची काच फोडली. आता येणार नाहीत. गिऱ्हाईक निवडूनच ठेवावं.

१५ सप्टेंबर.
परशुराम ऐन जेवणाच्या वेळी हजर. म्हणतो, उत्पन्न घटलंय, तसा अंदाज ऑफिसात लिहून देऊ. घटलंय! माझं! पितळेचा तांब्या भिरकावला. तो वाकला. तांब्या सुमेधाच्या कपाळावर बसला. टाके पडले. नेम परशुरामवर होता हे मी तिला नीट समजावलं. ती म्हणाली, "तुमचा नेम कुणावरही असो, लागतं मलाच." भावाबरोबर ठाण्याला गेली.
येईल दिवाळीपर्यंत.

१५ डिसेंबर.
तारीख माझी मलाच आठवावी लागली. आधी सुमेधाला आणायचं, मग हप्ता. गोड बोलायचं ठरवून गेलेलो. पण परशुराम दारातून हलेना. कॉलर धरली. बारीक दिसतो, पण तालमीत जात असणार. जिन्यावरून थेट खाली आलो. उजवा हात मोडला. सुमेधाने वरून पाहिलं आणि टांग्याला हाक मारली. माझ्यासाठी! म्हणजे माया आहे.
(डाव्या हाताने लिहिलंय.)

१५ मार्च १९५५.
शेवटचा हप्ता. वेळेआधी पोचलो. कुणाला मारलं नाही. हात अजून वळत नाही.
कारकुनाने वखारीचे आकडे बघितले. अदबीने म्हणाला, "साहेब, यंदा तुमचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे. काही भरायचं नाही."
पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.
जिंकलो! सरकार हरलं! पेढे घेतले, कल्याणला आलो. वखारीला कुलूप. घरी कोण आहे? शेजारच्या विमलाबाईंना सांगायला गेलो. मला बघून त्यांनी आतून कडी लावली.
ओट्यावर बसून पुडा सोडला. शेरभर पेढे एकट्याला फार होतात.