सातची रिकामी खाट

४ ऑक्टोबर
नर्सच्या नव्या नोकरीवर आले एकदाची! नॉर्थ डकोटातलं टीचभर गाव, टीचभर हॉस्पिटल, पण माणसं गोड. मुख्य नर्स जेनेलबाईंनी माझ्यासाठी घरचे कॅरमल रोल आणले. पद्धतही छान आहे. रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा यंत्राला दाखवल्याशिवाय औषधांचं कपाट उघडतच नाही. सहा नंबरच्या खोलीत ऑर्व्हिल ट्वाइट आहेत, न्यूमोनिया आणि मधुमेह. जन्मभर शाळेची बस चालवली. मला पाहून म्हणाले, "काय गं, शाळेत सोडू का?" सातची रिकामी खाट मी लावली. गादी मेली मध्येच फुगलेली, चादर ओढून ओढून खोचली.

७ ऑक्टोबर
विमा कंपनी म्हणते, ऑर्व्हिलना आता घरी पाठवा. अंगात ताप आहे, चार पावलं चालवत नाही! डॉक्टरांनी फोन केला, तर तासभर संगीत ऐकवलं. शेवटी निकाल दिला कोणी? कंपनीच्या डोळ्यांच्या डॉक्टरने! संताप संताप झाला. जेनेलबाई म्हणाल्या, "पैसे मिळाले नाहीत तर आपलंही दार बंद होईल गं. शेजारच्या गावचं झालंच की."

८ ऑक्टोबर
यंत्र म्हणतं, रुग्ण घरी गेला. कपाट उघडेना. ऑर्व्हिलना जेवणाचं ताटही आलं नाही. जेनेलबाईंना हाताला धरून सहामध्ये नेलं. त्या म्हणाल्या, खोली रिकामीच आहे की. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी चादर सारखी केली. ऑर्व्हिलच्या तोंडावरून.

९ ऑक्टोबर
नियम गेले खड्ड्यात. मी माझ्याच नावाचा रुग्णाचा पट्टा छापून घेतला, हातात घातला आणि इन्शुलिन मिळवलं. ऑर्व्हिलची साखर उतरली. "पोरी, नोकरी जाईल तुझी," म्हणाले. जाऊ दे.

१० ऑक्टोबर
फळ्यावरून माझं नाव पुसलंय. जेनेलबाईंना हाक मारली, ओ दिली नाही. यंत्रात मी आता रुग्ण आहे. विमा कंपनीने मला उद्यापर्यंतच इथे राहायची मान्यता दिली आहे — मला काय झालंय, हेही कोणी विचारलं नाही.

११ ऑक्टोबर
कपाट बंद. माझ्या कार्डाने दारही उघडेना. पट्टा कात्रीनेही तुटत नाही. घसा फुटेस्तोवर ओरडले — बाई समोरच कॉफी पीत होत्या. इन्शुलिन नाही. ऑर्व्हिल तहानेने तळमळताहेत, तरी सरकून मला जागा दिली —

१२ ऑक्टोबर
नवी नर्स आली. हातात कॅरमल रोल. जेनेलबाईंनी तिला सांगितलं, सहाची खाट लावून टाक.

ऑर्व्हिल बोलत नाहीत आता. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, किती गार आहे ही खोली — आणि चादर ओढायला लागली —

गादी फुगलीय म्हणते —

सातमध्ये — देवा, त्या दिवशी सातमध्ये मी किती घट्ट खोच