रस्त्याच्या अलीकडचा शब्द

१७ ऑगस्ट, सोमवार
आज बिल्ला मिळाला. युनिव्हर्सिटी पोलीस! घरातली पहिली पदवीधर मीच, आता पहिली पोलीसही मीच. बाबांनी फोनवर विचारलं, "खरी पोलीस, की सायकली हलवणारी?" शांतपणे समजावलं. शपथ खरी, पिस्तूल खरं, अटकेचा अधिकार खरा. तोही कॅम्पसबाहेर मैलभरापर्यंत. बाबा म्हणाले, "मग सायकली कोण हलवतं?"
संकल्प: मुलांना धाक दाखवायचा नाही. आधार व्हायचं.

२२ ऑगस्ट, शनिवार
नव्या मुलांपुढे भाषण. एकविसाच्या आत दारू पिणं गुन्हा आहे, पण कुणी पिऊन पडलं तर बेधडक फोन करा. पडलेल्यावर कारवाई नाही, फोन करणाऱ्यावरही नाही. विद्यापीठाचा नियमच आहे तसा. टाळ्याच टाळ्या. सार्जंट ऑर्व्हिल म्हणतात, त्या एसी सुरू झाला म्हणून होत्या. जुनी माणसं.
नंतर एक मुलगी घुटमळत थांबली. ओडेसा कॉडिल. डोंगरातल्या गावची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. अगदी माझ्यासारखी! स्कॉलरशिपवर शिकते, एक केस झाली की ती जाणार. "नक्की ना, मॅडम?" मी म्हटलं, "माझा शब्द."

२ सप्टेंबर, बुधवार
माझा उपक्रम: 'पोलिसांसोबत कॉफी'. टेबल मांडलं, डोनट ठेवले. एकच मुलगा आला. टॉयलेट कुठे आहे ते विचारलं आणि जाताना डोनट उचलला.
अहवालात लिहिलं: विद्यार्थी आता खाजगी अडचणीही मोकळेपणाने विचारू लागले आहेत.

१२ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ
विद्यापीठातच होणारी फुटबॉलची पहिली मॅच. ओक स्ट्रीटपलीकडे चर्चच्या मैदानात सकाळपासून मॅचची पार्टी, पिकअप गाड्यांची रांग, सॉसेज, बिअर. दुपारी ओडेसाचा फोन आला. रूममेट टेसा शुद्धीवर नव्हती. धावत गेले, अँब्युलन्स बोलावली. टेसा बरी आहे.
इथवर सगळं माझ्या भाषणासारखं झालं.
शहर पोलिसांतले दोघे बाजूला उभे होते. एक म्हणाला, "काय बाई, हजेरी घेतली का?" दुसरा म्हणाला, "छे, आता आईबापांना चिठ्ठी पाठवेल." ओडेसाच्या हातात बिअरचा लाल ग्लास होता. वय अठरा.
तिच्या नावाने दंडाची पावती फाडली. दोघांचं हसणं थांबलं.
ओडेसाने पावती घेतली, घडी घातली.
नीट विचार केला. नियम विद्यापीठाचा, म्हणजे कॅम्पसपुरता. मैदान हद्दीच्या रस्त्यापलीकडे. तिथे माझा अधिकार पोचतो, नियम पोचत नाही. तेव्हा शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. भाषणात नकाशा दाखवायला हवा होता, एवढंच.
संकल्प: पुढच्या वर्षी नकाशा.

१४ सप्टेंबर, सोमवार
सार्जंट ऑर्व्हिलना नकाशा दाखवला. त्यांनी चर्चच्या मैदानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मॅचच्या दिवशी पोरं तिथेच पितात. तुझा नियम काय लायब्ररीसाठी होता?" पावती मागे घेता येईल का, सहज विचारलं. "कोर्टात गेली ती. आता तुझी नाही."
रागाने म्हणाले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
ओडेसाच्या खोलीवर गेले. डोनट नेले, नकाशाही नेला. स्कॉलरशिप थांबवली आहे, निकाल कोर्टानंतर. दारातच तिने सगळं ऐकून घेतलं. ओक स्ट्रीटची रेघही बघितली. म्हणाली, "मॅडम, मी रस्ता बघितला नाही. मी टेसाकडे बघत होते."
डोनट परत आणले. नकाशा जिन्यातल्या कचऱ्यात टाकला.

२६ सप्टेंबर, शनिवार
दुसरी मॅच. दारूबद्दल एकही फोन नाही. चीफनी सगळ्यांदेखत माझं अभिनंदन केलं. म्हणाले, जरब बसली.
दुपारी चार मुलं सुपरमार्केटची ट्रॉली ढकलत पळताना दिसली. ट्रॉलीत एक मुलगा, मान लटकलेली. मी ओरडले, "थांबा, मदत करते!" त्यांनी त्याच्यावर टीमचा झेंडा टाकला. एक जण ओरडला, "झोपलाय, मॅडम!" मी धावले तसे ते आणखी जोरात धावले, भर रहदारीत, लाल सिग्नल तोडून, हॉस्पिटलकडे.
मी थांबले. मी मागे असेपर्यंत ते सिग्नलला थांबणार नव्हते.
मुलगा वाचला. मी हॉस्पिटलला फोन करून विचारलं. माझं नाव सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर, रविवार
जेवायला घरी. आईने बीन्स आणि मक्याची पोळी केली होती. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. ओडेसाच्या तारखेला कोर्टात जाऊन, मीच शब्द दिला होता, असं जजला सांगणार आहे, तेही.
फ्रिजवर पेपरचं कात्रण. पोलीस बातम्या. ओडेसा कॉडिल, वय १८. खाली पावती फाडणारी म्हणून माझं नाव, त्यावर बाबांनी पिवळा मार्कर फिरवलेला. टायरच्या दुकानात सगळ्यांना दाखवून झालंय. "आता सायकलींचं कुणी नाव काढत नाही. खरी पोलीस आहे माझी पोर!"
मी म्हटलं, "काढा ते, बाबा. मला लाज वाटते."
बाबांनी पाठीवर थाप मारली. "पहिली पावती ना. दोन-चार फाडल्यास की होईल सवय."